करंट बरोबर दिसतो, तरी लेझर डायोड का उडतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही एलएम ३१७ (व्होल्टेज किंवा करंट स्थिर ठेवणारी चिप) घेऊन ब्रेडबोर्डवर ड्रायव्हर, म्हणजे डायोडला ठरावीक करंट देणारं सर्किट, जोडला. ९ व्होल्टची बॅटरी, आउट आणि ॲडजस्ट या पायांमध्ये ३६ ओहम, आणि आउटपुटवर ‘करंट सपाट राहावा म्हणून’ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. डायोड साधा लाल, ६५० नॅनोमीटर, ५ मिलिवॉटचा. मल्टिमीटर डायोडच्या सिरीजमध्ये लावलात, त्याने ३५ मिलिअँप दाखवले आणि डेटाशीटमध्येही तेवढेच होते. थोड्या वेळाने किरण गेला, नुसता लालसर उजेड उरला. दुसरा डायोड लावला, त्याचीही तीच गत झाली. आता तिसरा लावायला हात धजावत नाही, आणि एलएम ३१७ बनावट आहे की डायोडच फुसके निघाले, असं तुम्ही विचारताय.

माझ्या अंदाजाने दोन्ही ठीक असावेत. डायोड मारले ते कपॅसिटर आणि मल्टिमीटर या जोडीने. यात तुमचा निष्काळजीपणा नाही. एलईडीच्या सवयीने लेझर डायोड हाताळला की पहिले एक-दोन असेच जातात. माझेही गेलेत, दोनपेक्षा जास्त.

आधी हा डायोड एवढा नाजूक का, ते बघू. एलईडीचा उजेड चिपच्या सगळ्या अंगाने बाहेर पडतो. लेझर डायोडमध्ये तो सगळा एका अरुंद फटीसारख्या तोंडातून बाहेर येतो. लहान लाल डायोडमध्ये त्या तोंडाची रुंदी काही मायक्रोमीटर आणि उंची जेमतेम एक मायक्रोमीटर. पाच मिलिवॉट म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण एवढ्याशा जागेवर भागून बघा: दर चौरस सेंटीमीटरला लाखभर वॅटच्या घरात आकडा जातो. करंट क्षणभर वाढला की उजेडही त्याच क्षणी वाढतो आणि चिपचं ते आरशासारखं टोक वितळून जातं. याला मायक्रोसेकंद पुरतात, कधी त्याहूनही कमी. त्यामुळे ‘डायोड गरम लागत नव्हता’ याला इथे काही अर्थ नाही. बाकीची चिप थंडच असते.

टोक गेलं की आरसा गेला, आणि आरसा गेला की लेझर संपला. पण जंक्शन शाबूत असतं, म्हणून करंट वाहत राहतो, व्होल्टेजही जवळपास तेवढंच राहतं आणि डायोड मंद एलईडीसारखा उजळत राहतो. तुम्ही सांगितलेलं लक्षण नेमकं हेच आहे. जास्त करंट बराच वेळ वाहून डायोड भाजला असता, तर बहुतेक वेळा तो पूर्ण शॉर्ट किंवा ओपन झाला असता.

आता झटका आला कुठून? तुमचं सर्किट चालू आहे, ३५ मिलिअँप वाहतायत, डायोडवर आणि कपॅसिटरवर साधारण २.२ व्होल्ट आहेत. मल्टिमीटरचा प्रोब तुम्ही हाताने किंवा क्लिपने धरलाय आणि तो जरासा हलला. सर्किट तुटलं. एलएम ३१७ ला हे कळत नाही, तो बिचारा ३५ मिलिअँप ढकलतच राहतो. ते आता डायोडमध्ये जाऊ शकत नाहीत, म्हणून कपॅसिटरमध्ये जातात. कपॅसिटर २.२ वरून साडेसात-पावणेआठ व्होल्टपर्यंत चढायला किती वेळ लागतो? १०० मायक्रोफॅरड गुणिले साडेपाच व्होल्ट भागिले ३५ मिलिअँप: सुमारे सोळा मिलिसेकंद. पापणी लवायला याच्या कित्येक पट वेळ लागतो. मग प्रोब परत टेकला आणि तो भरलेला कपॅसिटर थेट डायोडमध्ये रिकामा झाला. वाटेत मीटरचा शंट (करंट मोजायचा आतला छोटा रेझिस्टर) आणि डायोडचा स्वतःचा रेझिस्टन्स मिळून समजा दहा ओहम. साडेपाच व्होल्ट भागिले दहा, म्हणजे ५५० मिलिअँप. हा झटका ओसरायला मिलिसेकंदभर तरी लागतो, आणि डायोडला लागत होता तो फक्त मायक्रोसेकंद.

मीटरने हे दाखवलं नाही, कारण तो सेकंदाला दोन-तीनदा आकडा बदलतो आणि दोन आकड्यांमधली सरासरी देतो. त्याच्या लेखी ३५ च्या आधीही ३५ आणि नंतरही ३५. मीटर खोटं बोलत नव्हता, त्याला जे विचारलं तेवढंच सांगत होता.

ब्रेडबोर्डची ढिली भोकं, मीटरची रेंज बदलताना नॉब एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जातो तो क्षण, मगरीच्या तोंडाची क्लिप: हे सगळे त्याच जातीचे. त्यामुळे माझा पहिला नियम असा: डायोडच्या रस्त्यात मीटर कधीच घालायचा नाही. रस्त्यात एक रेझिस्टर कायमचा सोल्डर करून ठेवायचा आणि त्याच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजायचं. १० ओहम असेल तर ३५ मिलिअँपला ३५० मिलिव्होल्ट, हिशेब तोंडपाठ. प्रोब घसरला तर वाचन जातं, डायोड जात नाही.

कपॅसिटरबद्दल मात्र ‘काढून टाका’ इतकं सरळ उत्तर नाही. तो वाईट नाही, त्याची जागा चुकली आहे. कपॅसिटर ड्रायव्हरचा नसतो, डायोडचा असतो, असं मी शिकणाऱ्यांना सांगतो. म्हणजे तो थेट डायोडच्या पायांवर सोल्डर करायचा, मध्ये ना क्लिप, ना कनेक्टर, ना ब्रेडबोर्ड. मग सांधा कुठेही सुटला तरी कपॅसिटर आणि डायोड एकत्रच राहतात, दोघांवरचं व्होल्टेज एकत्रच खाली येतं आणि सांधा परत लागला की एकत्रच वर चढतं. असा कपॅसिटर बारीकसारीक झटके खरोखर शोषून घेतो. एक मायक्रोफॅरडसुद्धा बरंच काम करतो आणि एलएम ३१७ ला स्थिर राहण्यासाठी आउटपुटवर कपॅसिटर लागत नाही. त्याच पायांवर एक १ एन ४१४८ (साधा छोटा डायोड) उलटा लावून द्या. लेझर डायोडला उलटं व्होल्टेज सहसा दोनच व्होल्ट चालतं. उलटा लावलेला १ एन ४१४८ ते एक व्होल्टच्या आतबाहेर रोखून धरतो.

हाच सापळा बेंच पॉवर सप्लायमध्येही असतो. तिथे तर माणूस जास्तच बेफिकीर असतो, कारण समोर करंट लिमिटचा नॉब दिसत असतो. मी एकदा लिमिट ३० मिलिअँपवर ठेवली, व्होल्टेजचा नॉब आधीच्या कामाचा तसाच १२ वर होता, आउटपुट चालू होतं, आणि डायोडच्या तारा टेकवल्या. टिक असा आवाजसुद्धा आला नाही. एक लाल चमक, आणि मग कायमचा मंद उजेड. करंट लिमिट असते सप्लायच्या आतल्या सर्किटमध्ये. पण तिच्या पुढे, आउटपुटच्या टर्मिनलांवर, सप्लायचा स्वतःचा मोठा कपॅसिटर बसलेला असतो आणि तो कुणाला विचारून रिकामा होत नाही.

तर मग ड्रायव्हर कसा असावा? हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: डायोडची ताकद किती, पॉवर कुठून येणार, आणि किरण नुसता चालू ठेवायचाय की वेगाने चालू-बंद करायचाय. तुमचा डायोड ५ मिलिवॉटचा आहे आणि सध्या तो सतत चालू ठेवायचाय असं गृहीत धरतो.

अशा डायोडसाठी माझा पहिला सल्ला तुम्हाला फार साधा वाटेल: ९ व्होल्टची बॅटरी आणि २२० ओहमचा एक रेझिस्टर, बस. ९ वजा २.२ म्हणजे ६.८ व्होल्ट, भागिले २२०, सुमारे ३१ मिलिअँप. बॅटरी नवी, साडेनऊ व्होल्टची असली तर ३३. बॅटरी एक व्होल्टने उतरली तर करंट साडेचार मिलिअँपने कमी, म्हणजे किरण जरा मंदावतो इतकंच. रेझिस्टर अर्ध्या वॅटचा घ्या, कारण त्यात सुमारे ०.२ वॅट उष्णता होते आणि पाव वॅटचा अगदी काठावर येतो. या सर्किटमध्ये साठवलेली ऊर्जा नाही, फीडबॅक नाही, त्यामुळे झटका यायला जागाच नाही. सांधा हलला तर करंट शून्य होतो आणि परत ३१ होतो, ५५० कधीच होत नाही. ‘रेझिस्टर म्हणजे ड्रायव्हर नव्हे’ असं ठणकावून सांगणारे बरेच भेटतील. पण पाच मिलिवॉटच्या डायोडवर तो अर्धवट समजून बांधलेल्या ‘खऱ्या’ ड्रायव्हरपेक्षा जास्त दिवस टिकतो.

एलएम ३१७ ची गोष्टही याच ओघात सांगून टाकतो. त्याला स्वतःसाठी दीड-दोन व्होल्ट लागतात, रेफरन्स रेझिस्टरवर, म्हणजे तुमच्या ३६ ओहमवर, १.२५ व्होल्ट जातात आणि मग डायोडचे २.२. बेरीज साडेपाचच्या आसपास. म्हणून ५ व्होल्टच्या सप्लायवर तो लाल डायोड धड चालवत नाही. निळ्याला तर चार-साडेचार व्होल्ट स्वतःलाच हवेत, तिथे पावणेआठपर्यंत लागतात. ९ व्होल्टवर तुमचं सर्किट बरोबर होतं. करंट बदलायला पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावणार असाल तर त्याचा मधला पाय एका टोकाच्या पायाला जोडून टाका आणि सिरीजमध्ये एक ठरावीक रेझिस्टर ठेवा. मग मधला स्पर्श सुटला तरी पूर्ण रेझिस्टन्स मध्ये येतो आणि करंट कमी होतो, वाढत नाही.

आता समजा तुम्हाला करंट नीट बदलता यायला हवा आणि ५ व्होल्टवर चालायला हवं. मग मी ऑपॲम्पचं (दोन इनपुटांमधला फरक वाढवणाऱ्या चिपचं) सर्किट बांधतो. एलएम ३५८, बीसी ३३७ ट्रान्झिस्टर, एमिटर आणि ग्राउंडमध्ये १० ओहमचा सेन्स, म्हणजे करंट मोजणारा, रेझिस्टर, डायोड कलेक्टरच्या वरच्या बाजूला. ऑपॲम्पच्या आउटपुटपासून बेसपर्यंत १ किलोओहम. सेन्सवरचं व्होल्टेज १ किलोओहममधून उलट्या इनपुटला, आणि आउटपुटपासून त्याच इनपुटला ४७० पिकोफॅरड किंवा जवळपासचा काही. तो नसला तर लूप कधीकधी शिट्टी मारू लागतो, म्हणजे दोलायला लागतो. सरासरी ३५, आणि शिखर कुठे गेलंय देव जाणे. इथेही मल्टिमीटर निष्पाप चेहऱ्याने ३५ दाखवतो.

रेफरन्ससाठी, म्हणजे करंट किती हवा हे ऑपॲम्पला सांगणाऱ्या पक्क्या व्होल्टेजसाठी, टीएल ४३१, २.५ व्होल्ट. त्याच्यापासून २७ किलोओहम आणि खाली ५ किलोओहमचा पॉट. पॉट पूर्ण फिरवला तरी २.५ गुणिले ५ भागिले ३२, म्हणजे ०.३९ व्होल्ट, म्हणजे ३९ मिलिअँप. हात चुकला तरी नॉबने डायोड मारता येऊ नये, हा त्यामागचा हेतू. पॉटच्या मधल्या पायावर १० मायक्रोफॅरड टाकला की रेफरन्स तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या टाइम कॉन्स्टंटने हळू चढतो आणि त्याच्याबरोबर करंटही.

आणि आता या सर्किटमधला माझा सगळ्यात आवडता भाग: डायोडच्या सिरीजमध्ये ४७ ओहम. बघणारा म्हणतो, ऑपॲम्प करंट सांभाळतोय, हा कशाला? हिशेब बघा. नेहमीच्या ३५ मिलिअँपला ४७ अधिक १० ओहमवर दोन व्होल्ट जातात, डायोडवर २.२, उरलेले ०.८ ट्रान्झिस्टरला. भागतं. पण समजा ऑपॲम्प वेडा झाला आणि ट्रान्झिस्टर पूर्ण उघडला. तेव्हा ५ वजा २.२ वजा ट्रान्झिस्टरचे ०.१, म्हणजे २.७ व्होल्ट, भागिले ५७. सत्तेचाळीस मिलिअँप. सगळं बिघडलं तरी याच्या वर जायला सप्लायकडे व्होल्टेजच नाही. ४७ मिलिअँपवर तुमचा डायोड वाचेलच असं नाही, पण वाचायची शक्यता आहे. ५५० वर ती नव्हती. नवशिक्यांच्या ड्रायव्हरमध्ये मला हीच गोष्ट सारखी सापडते: १२ व्होल्टचा सप्लाय, दोन व्होल्टचा डायोड, आणि मधले दहा व्होल्ट फक्त एका ऑपॲम्पच्या भरवशावर.

सर्किट कागदावर झालं की मी एक खेळ खेळतो. पेन्सिल घेऊन एकेका तारेवर ठेवतो आणि विचारतो, ही सुटली तर काय? पॉटचा मधला स्पर्श सुटला तर ऑपॲम्पचा सरळ इनपुट अधांतरी राहतो. म्हणून तिथून ग्राउंडला १०० किलोओहम लावा, मग करंट जवळजवळ शून्य होतो. सेन्सपासून उलट्या इनपुटला येणारी तार सुटली तर ऑपॲम्पला वाटतं करंटच नाही आणि तो ट्रान्झिस्टर पूर्ण उघडतो. म्हणून त्या इनपुटपासून पाच व्होल्टला १ मेगओहम. तार सुटली की इनपुट वर जातो आणि ट्रान्झिस्टर बंद होतो. या मेगओहममुळे एरवी करंट अर्ध्या मिलिअँपने कमी येतो, तो मी आनंदाने सोसतो. पॉटचं ग्राउंडकडचं टोक सुटलं तर? तिथे रेफरन्स थेट दोन व्होल्टच्या आसपास जातो आणि ऑपॲम्प जवळपास दोनशे मिलिअँप मागतो. ४७ ओहम नसता तर त्याला ते मिळालेही असते. एवढ्यासाठी ब्रेडबोर्डवर फक्त डमी लोड चालवायचा. खरा डायोड लागेल तो सोल्डर केलेल्या बोर्डावरच.

डमी लोड म्हणजे लेझर डायोडच्या जागी तीन साधे डायोड, १ एन ४००७, सिरीजमध्ये. प्रत्येकी ०.७, बेरीज २.१, लाल डायोडला पुरेसं जवळचं. निळ्यासाठी सहा लावा. एलएम ३१७ चं सर्किट तपासत असाल तर त्यांच्या खाली ग्राउंडकडे एक १० ओहम जोडा, वरच्या सर्किटमध्ये सेन्स आधीच आहे. मग स्कोपचा (व्होल्टेजचा वेळेनुसार आलेख दाखवणाऱ्या उपकरणाचा) प्रोब त्या १० ओहमवर लावा, ट्रिगर ३७० मिलिव्होल्टवर, सिंगल शॉटवर, म्हणजे करंट ३७ मिलिअँप ओलांडेल तो क्षण स्कोप पकडून ठेवतो. आता सर्किटचा छळ करा. सप्लाय वीसेक वेळा चालू-बंद करा, त्यात काही वेळा पटकन, कारण स्विच दाबताना आतला पत्रा उसळतो आणि तोच खरा कठीण प्रसंग असतो. बोर्डावर पेन्सिलने टकटक करा. जवळचा एखादा मोटरवाला उपकरण चालू करा. पॉट टोकापासून टोकापर्यंत फिरवा. डमी लोडची तार काढा आणि परत लावा. तार काढल्यावर ऑपॲम्प आउटपुट वर ताणून बसतो, आणि तार परत लागली की सावरायला त्याला काही मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात स्क्रीनवर एक टोकेरी उंचवटा दिसेल. वर सांगितलेल्या ४७ ओहममुळे तो ४७० मिलिव्होल्टच्या आसपास सपाट कापलेला दिसतो. तो पहिल्यांदा बघितला की रेझिस्टर कशाला हे पुन्हा सांगावं लागत नाही.

ट्रिगर लागला तर कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. तार काढण्याच्या चाचणीत तो लागणारच, आणि त्यावर उपाय एवढाच की खऱ्या डायोडची तार चालू सर्किटमध्ये काढायची-लावायची नाही. पण चालू-बंद करताना लागला तर चालू-बंदची जागा बदला: सप्लाय आधी येऊ द्या आणि स्विच रेफरन्सवर ठेवा, जो बंद असताना पॉटचा मधला पाय ग्राउंडला धरून ठेवतो. तो सोडला की करंट हळू चढतो. मी आता स्विच तिथेच ठेवतो.

स्कोप नसेल तर? अशा वेळी लोक कॉम्प्युटरचं साउंड कार्ड सुचवतात. त्याला काही मायक्रोसेकंदांचा झटका दिसत नाही, उलट खोटा धीर मिळतो. स्कोप नसेल तर २२० ओहमचं सर्किट वापरा, हे माझं प्रामाणिक मत.

डोळ्यांबद्दल, पहिला उजेड पाडण्याआधी. लेझरचे धोक्यानुसार वर्ग पाडलेत, आणि दृश्य रंगाचा ५ मिलिवॉट ही वर्ग ३आर ची वरची मर्यादा. त्याच्या वर ५०० मिलिवॉटपर्यंत वर्ग ३बी, त्याहून पुढे वर्ग ४. पापणी पाव सेकंदात मिटते हा आधार फक्त १ मिलिवॉटच्या वर्ग २ साठी धरलाय. तुम्ही शेवटी सहज लिहिलंय की डीव्हीडी रायटरमधून काढलेला एक डायोडही पडून आहे. तो ३बी मध्ये बसतो, त्याला डेटाशीट नाही, आणि या ड्रायव्हरवर तो आत्ता लावू नका. ८०८ नॅनोमीटरसारखा अवरक्त तर अजिबातच नको: डोळ्याला तो फिका लाल दिसतो किंवा दिसतही नाही, आणि पापणी मिटत नाही. पाच मिलिवॉटसाठीही सवय लावून घ्या: किरण टेबलाच्या पृष्ठभागालगत, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या बराच खाली, समोर काळा खरबरीत ठोकळा, आसपास घड्याळ-अंगठी-स्टीलची पट्टी काही नाही. आणि करंट ठरवेपर्यंत लेन्स लावायची नाही. लेन्सशिवाय उजेड चांगलाच पसरतो, वीतभर अंतरावर लांबट डाग होतो आणि धोका खूप कमी होतो.

डायोड हाताळताना स्थिर विजेचा मुद्दा. बोटातून ठिणगी जाणवते तेव्हा अंगावर काही हजार व्होल्ट असतात. त्याच्या कितीतरी खाली, काहीही न जाणवता, डायोड दुखावतो. नेहमी लगेच मरतो असंही नाही. कधी थ्रेशोल्ड (लेझर सुरू व्हायला लागणारा किमान करंट) वाढतो आणि काही तासांनी डायोड मरतो, मग आपण ड्रायव्हरला दोष देतो. मनगटाला ग्राउंडचा पट्टा बांधा, सोल्डरिंग आयर्नचं टोक ग्राउंड असलेलं घ्या, आणि डायोडच्या तिन्ही पायांना बारीक उघडी तार गुंडाळून ते एकमेकांना शॉर्ट करून मग सोल्डर करा. सर्वात शेवटी ती तार कापायची. तिसरा पाय आतल्या फोटोडायोडचा, आणि कुठला पाय धातूच्या डबीला जोडलाय हे प्रकाराप्रमाणे बदलतं. वरच्या सर्किटमध्ये डायोडचं कुठलंच टोक ग्राउंडला नाही, त्यामुळे हीटसिंकही ग्राउंडला लागू देऊ नका.

मग खरा डायोड. पॉट शून्यावर, सप्लाय चालू, सेन्सवर मीटर. दोन-दोन मिलिअँपने वाढवत जा आणि समोर एक फोटोडायोड ठेवा, बीपीडब्ल्यू ३४ चालेल, पुढे पांढऱ्या कागदाचा तुकडा, १०० ओहमवर त्याचं व्होल्टेज. प्रत्येक पायरीचे दोन आकडे वहीत लिहा. सुरुवातीला काहीच होत नाहीसं वाटेल. दहा, पंधरा, वीस मिलिअँप, आणि कागदावर एलईडीसारखा गुळगुळीत लाल डाग. मग चोवीस-पंचवीसच्या सुमारास (तुमच्या डायोडचा आकडा वेगळा असू शकतो) तो डाग अचानक दाणेदार होतो, ओल्या वाळूवर ऊन पडल्यासारखा, आणि तुम्ही डोकं हलवलं की दाणेही सरकतात. तोच थ्रेशोल्ड. तिथून पुढे प्रत्येक मिलिअँपला साधारण अर्धा ते पाऊण मिलिवॉट वाढतो. म्हणजे थ्रेशोल्डपासून पाच मिलिवॉटपर्यंत सगळा खेळ सात ते दहा मिलिअँपचा. पहिल्या डायोडला मी थ्रेशोल्डच्या पाच-सहा मिलिअँप वर थांबतो. डेटाशीटचा टिपिकल आकडा हा पोहोचायचा टप्पा नाही, तुमचा नमुना त्याच्या अलीकडेच पाच मिलिवॉट देत असेल.

वहीतला आलेख पुढेही कामाला येतो. काही दिवसांनी पुन्हा मोजा. आलेख जिथे एकदम वर वळतो ती थ्रेशोल्डची जागा उजवीकडे सरकली असेल तर डायोड दुखावलाय, तो दिसायला कितीही ठीक असो.

तापमानाने हा सगळा आलेख सरकतो. थ्रेशोल्ड उष्णतेत चढतो, आणि लाल डायोडमध्ये जरा जास्तच. १९६२ मध्ये रॉबर्ट हॉल यांच्या गटाने पहिला अर्धवाहक लेझर चालवला तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत आणि तोही झटक्याझटक्याने. सामान्य तापमानाला सतत चालणारा डायोड यायला १९७० उजाडलं. आपल्या कामापुरतं यातून निघतं ते उलटं आहे. करंट स्थिर ठेवला तर थंडीत किरण अधिक जोरदार होतो. दुपारी गरम खोलीत काठावर लावलेला करंट पहाटे काठ ओलांडू शकतो. म्हणून ती पाच-सहा मिलिअँपची मर्यादा. आतल्या फोटोडायोडने उजेड मोजून करंट आपोआप जुळवणारा ड्रायव्हर हे टाळतो, पण त्याला दुसरी खोड असते: डायोड गरम झाला की तो करंट वाढवतो, त्याने डायोड आणखी गरम होतो. त्यावरही करंटला ४७ ओहमसारखा ठाम अडसर लागतोच. तुम्ही आधी स्थिर करंटचा ड्रायव्हर पक्का करा, ते नंतर.

आणि ते दोन मेलेले डायोड टाकून देऊ नका. त्यांचं व्होल्टेज अजून खऱ्या डायोडचंच आहे, पायही तेच, तीन १ एन ४००७ पेक्षा ते सरस डमी लोड आहेत. सोल्डर केलेल्या बोर्डाची शेवटची चाचणी, वीस वेळा चालू-बंदसकट, त्यांच्यावर घ्या. स्कोपने ट्रिगर दिला नाही की मग तिसरा काढा.